लेकरू बरोबर न्यावे की मागे ठेवावे?



गेल्या दोन अंकांत द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीबद्दल आणि डाऊनीबद्दल लिहिले. आज मात्र फवारणी, खत, बेणे यांपैकी काहीही नाही. आज घरातला प्रश्न मांडणार आहे. प्रश्न आमच्या घरचा असला तरी शिकलेली लेक ज्यांच्या घरात आहे, त्या सगळ्यांच्या दारात तो आज ना उद्या येणारच आहे.

माझ्या थोरल्या भावाची मुलगी डॉक्टर झाली. कुपवाडच्या शाळेतून शिकून तिने एम.बी.बी.एस. पुरे केले. जावई औषधनिर्माता आहेत. मे महिन्यात दोघांनाही मेळघाटातल्या धारणी तालुक्यात एकाच आरोग्य केंद्रावर काम मिळाले. नेमणुकीचा कागद हातात पडला तेव्हा त्यांचा मुलगा अडीच वर्षांचा होता. पोरांनी जायचे ठरवले, त्याला कुणाचा विरोध नव्हता. विरोध होता तो लेकरू बरोबर नेण्याला.

आमच्या वहिनी म्हणाल्या, "तुमी दोगं जावा, दोन वर्सं काढून या. पोरगं हितं ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. जंगलात त्येला काय चावलं, ताप आला, तर कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

पुतणी म्हणाली, "आई, तिथं चारशे लेकरं आहेतच की. ती कुणाच्या तोंडाकडं बघतात?"

दोघींचेही बरोबर होते. म्हणूनच भांडण मिटेना. आठ दिवस घरात कुणी नीट जेवले नाही. शेवटी दादांनी मला बोलावले. म्हणाले, "तू गावोगाव सल्ला देत फिरतोस. आता घरात दे."

वाचकहो, उसावर लोकरी मावा पडला तर काय करावे, हे मी झोपेतही सांगेन. पण या प्रश्नावर कोणत्या पुस्तकात काय लिहिले आहे, ते मला ठाऊक नव्हते. मग आपण शेतकरी करतो तेच मी केले. आधी कुणी ही लागवड केली आहे का आणि त्यांच्याकडे काय उगवले, ते पाहिले. जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी लांबचे उदाहरण. आमच्या शेजारचा एक मुलगा औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. त्याने मोबाइलवर मला एका जहाजाचे चित्र दाखवले. जहाज म्हणजे अख्खे इस्पितळच. 'मर्सी शिप्स' नावाच्या ख्रिस्ती सेवासंस्थेची ही जहाजे आहेत. संस्था 1978 साली निघाली. तिचे पहिले जहाज 'अनास्तासिस'. पूर्वी ते 'व्हिक्टोरिया' नावाचे इटालियन प्रवासी जहाज होते आणि त्या काळात मुंबई बंदरातही येत असे. पुढे डेन्मार्कमध्ये रेल्वेचे डबे वाहून नेणारी एक मोठी नौका संस्थेने घेतली, तिचे इस्पितळ केले आणि 2007 सालापासून 'आफ्रिका मर्सी' या नावाने ती कामाला लागली. त्यानंतरचे 'ग्लोबल मर्सी' तर इस्पितळ म्हणूनच बांधून घेतलेले आहे. लांबी 174 मीटर, मजले बारा, शस्त्रक्रियेची दालने सहा, खाटा दोनशे.

ही जहाजे आफ्रिकेच्या बंदरांत महिनोन् महिने नांगर टाकून राहतात. मोतीबिंदू, फाटलेले ओठ, वाकडे पाय, गळ्यावर वाढलेल्या गाठी अशा आजारांवर तिथे शस्त्रक्रिया होतात आणि रोग्याकडून पैसा घेत नाहीत. जहाज वीज आणि शुद्ध पाणी आपले आपण तयार करते. म्हणून किनाऱ्यावर दिवे गेले तरी शस्त्रक्रिया अडत नाही.

मला नवल वाटले ते पुढेच. या जहाजांवर डॉक्टर, नर्स, यंत्रज्ञ, स्वयंपाकी, शिक्षक असे शेकडो लोक राहतात. बहुतेक जण पगार तर घेत नाहीतच, उलट खाण्याराहण्याचा खर्चही पदरचा करतात. आणि त्यांच्यातली कित्येक कुटुंबे तान्ह्या-लहान्या मुलांसह राहतात! मुलांसाठी जहाजावरच शाळा आहे, शिशुवर्गापासून बारावीपर्यंत. एका मजल्यावर रोगी पडलेले, दुसऱ्या मजल्यावर पोरे पाढे म्हणताहेत. आपल्या अंगणाएवढी जागाही एका कुटुंबाच्या वाट्याला येत नाही. तरी लोक राहतात आणि पोरे वाढतात.

हे मी वहिनींना सांगितले. त्या म्हणाल्या, "भाऊजी, ती गोऱ्या लोकांची जहाजं. तितं मोठा डाक्टर, यंतर, समदं दारात. आमच्या पोराच्या दारात काय आसनार?"

मुद्दा खरा होता. आपल्याकडेही फिरते दवाखाने आहेत. 16 जुलै 1991 रोजी मुंबईहून 'जीवनरेखा एक्स्प्रेस' ही इस्पितळाची आगगाडी निघाली. आसामात ब्रह्मपुत्रेच्या बेटांवर 2005 सालापासून बोटीवरचे दवाखाने जाऊ लागले. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या फुगवट्याच्या पाण्यावर तरंगते दवाखाने चालले. पण तिथे काम करणारे आपली बिऱ्हाडे बरोबर घेऊन जात नाहीत. लेकरे घेऊन जन्मभर राहिले ते वेगळेच लोक, आणि ते आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेले व आहेत.

बाबा आमटे आणि साधनाताई 1951 साली वरोऱ्याजवळच्या माळावर गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर विकास आणि प्रकाश ही दोन चिमुरडी होती. शिवाय सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये. जमीन खडकाळ, पाणी नाही, भोवती विंचूसाप. कुष्ठरोग्याची सावली नको म्हणण्याचा तो काळ. त्या दिवसांत एक आई आपली दोन पोरे त्यांच्यातच वाढवत होती. पहिले काम कोणते, तर विहीर खणणे. मग भाजीपाला, मग धान्य. सुरुवातीला गावचे लोक तिथली भाजी आणि दूध घेत नसत. पुढे तेच लोक घेऊ लागले. शेतकऱ्याने हे ध्यानात ठेवावे की आनंदवन हे इस्पितळ खरे, पण ते उभे राहिले शेतीवर.

त्या दोन पोरांतला धाकटा डॉक्टर झाला. 23 डिसेंबर 1973 रोजी भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. प्रकाश आमटे आणि भूल देण्याच्या शास्त्रात शिकलेल्या त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी तिथे राहू लागले. वीज नाही, रस्ता नाही, पावसाळ्यात नद्या फुगल्या की बाहेरच्या जगाशी संबंध तुटायचा. माडिया लोक आधी जवळ येईनात, भाषा कळेना. 1976 साली तिथे आश्रमशाळा निघाली. आमटेंची मुले शिकली ती त्याच शाळेत, माडिया मुलांच्या शेजारी बसून. घराभोवती अस्वले, बिबट्याची पिल्ले, हरणे. मोठेपणी त्यांचे दोन्ही मुलगे तिथल्याच कामाला लागले. त्यांतला थोरला डॉक्टर आहे. 2008 साली प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आई-बापांनी जंगलात नेले म्हणून पोरांचे वाटोळे झाले, असे इथे तरी दिसत नाही.

पण आमच्या पुतणीला जायचे होते ते मेळघाटात, म्हणून सर्वांत जवळचे उदाहरण बैरागडचे. धारणी तालुक्यातलेच गाव. डॉ. रवींद्र कोल्हे नागपूरला डॉक्टर झाले आणि 1980 नंतरच्या दशकात तिथे गेले. गावापर्यंत गाडी नव्हती, चाळीस किलोमीटर चालत जावे लागे. तपासणीचे पहिल्या खेपेला दोन रुपये आणि नंतर एक रुपया. लग्न करायचे ठरले तेव्हा त्यांनी अटी घातल्या. चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी हवी, लग्न पाच रुपयांत नोंदणी पद्धतीने, महिन्याला चारशे रुपयांत संसार, आणि वेळ आली तर दुसऱ्यासाठी भीक मागण्याचीही तयारी. नागपुरात चांगला दवाखाना चालवणाऱ्या डॉ. स्मिता यांनी या अटी मान्य केल्या.

पहिल्या बाळंतपणाच्या वेळी स्मितावहिनी बैरागडलाच राहिल्या. गावातल्या बाया जिथे बाळंत होतात, तिथेच. बाळ जन्मले आणि गंभीर आजारी पडले. गावाला वाटले, आता हे शहरात पळणार. त्या गेल्या नाहीत. गावातल्या लेकरांना जे उपचार मिळतात तेच माझ्या लेकराला, असे त्यांनी ठरवले. बाळ वाचले. त्या दिवसापासून गाव त्यांचे झाले.

वाचकहो, हे वाचताना माझ्याही पोटात खड्डा पडला. प्रत्येक आईने असे करावे, असे मी म्हणणार नाही. बाळ आजारी पडले आणि मोठ्या इस्पितळाची सोय असली तर तिथे नेणे, हाच शहाणपणा. पण बाकीच्या आयांना मोठे इस्पितळ नाहीच, ही गोष्ट त्या एका निर्णयाने सगळ्या महाराष्ट्राला कळली.

आता शेतीवाल्याला महत्त्वाची गोष्ट. कोल्हे डॉक्टरांच्या लक्षात आले की कोरकूंची लेकरे दगावतात न्यूमोनियाने आणि कुपोषणाने, पण खरे दुखणे घरातल्या दारिद्र्यात आहे. थंडीत अंगावर पांघरूण नाही, शेतीचा हंगाम सरला की हाताला काम नाही आणि कणगीत दाणा नाही. म्हणजे औषधाच्या बाटलीआधी धान्याची कोठी भरली पाहिजे. मग हा डॉक्टर बियाणे, पिकांचे रोग, जनावरांचे आजार शिकला. लोक नव्या पद्धतीला तयार होईनात, तेव्हा नवरा-बायकोंनी स्वतः शेत कसून दाखवले. मी तीस वर्षे प्रात्यक्षिक प्लॉट घेत आलो. दुसऱ्याला सांगण्याआधी आपल्या वाफ्यात करून दाखवा, हे आमच्या खात्याचे पहिले सूत्र. एका डॉक्टरने ते माझ्यापेक्षा चांगले पाळले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. त्यांचा थोरला मुलगा शेतीतच उतरला आणि धाकटा डॉक्टर झाला. 2019 साली पती-पत्नी दोघांना पद्मश्री मिळाली.

हे सगळे मी घरी सांगितले. दादा ऐकत होते, वहिनी ऐकत नव्हत्या. तेव्हा मी परसात गेलो आणि वांग्याच्या वाफ्यातले एक रोप मातीच्या गड्ड्यासकट खोदून आणले. दुसरे नुसतेच उपटून आणले. दोन्ही पलीकडच्या वाफ्यात लावली. दुपारपर्यंत उपटलेल्याने मान टाकली. गड्ड्यासकट आणलेले ताठ उभे होते.

मी म्हणालो, "वहिनी, माती बदलली म्हणून रोप मरत नाही. मुळाशी असलेली माती तुटली की मरते. त्या लेकराच्या मुळाशी असलेली माती म्हणजे त्याचे आई-बाप."

वहिनी बराच वेळ रोपाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आन् आज्जी कोन रं? आज्जी मातीच न्हवं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. उत्तर वहिनींनीच काढले. जूनमध्ये पोरांची गाडी निघाली तेव्हा महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या डब्यात अडीच वर्षांच्या नातवाला मांडीवर घेऊन वहिनीही बसल्या होत्या. मिरजेच्या पुढे फारसा प्रवास न केलेली ही बाई बडनेऱ्याला उतरली, परतवाड्याहून एस.टी.ने घाट चढली आणि चार महिने तिथे राहिली. दादा इकडे एकटे. सकाळी दूध काढून झाले की गोठ्यातच बसून राहायचे. सोसायचे ते त्यांनीही सोसले.

सगळे गोड झाले, असे लिहून मी तुम्हाला फसवणार नाही. सप्टेंबरात पोराला हिवताप आला. रक्त तपासले, लगेच गोळ्या सुरू झाल्या, पण तीन रात्री ताप उतरेना. तिसऱ्या रात्री वहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुमी पाठीवलंसा. पोराला कायबाय झालं तर मी तुमचं तोंड बगनार न्हाई." मी फोन हातात धरून उभा होतो. वांग्याच्या रोपाचा दाखला त्या रात्री माझ्या काही कामाला आला नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला. पोरगे बरे झाले. त्याच आठवड्यात त्याच केंद्रावर त्याच्याएवढी आणखी पाच लेकरे त्याच तापाने आली होती. मच्छरदाणीत झोपायचा आमचा नातू एक संध्याकाळ अंगणात तसाच झोपला होता, एवढीच चूक. त्या पाच लेकरांच्या घरी मच्छरदाणीच नव्हती.

दिवाळीला वहिनी परत आल्या. पोरगे मात्र तिथेच आहे. ते कोरकूचे चार शब्द बोलते. आरोग्य केंद्राच्या मागे वहिनींनी शेवगा, भोपळा आणि मेथीचे वाफे केले आहेत. त्या आता मला विचारतात, "शेवग्याचा शेंडा कवा खुडायचा?" माझ्यावरचा राग गेला की नाही, ते मी विचारलेले नाही.

बंधू-भगिनींनो, सल्लागाराने शेवटी चार कामाच्या गोष्टी सांगाव्यात, म्हणून सांगतो. लहान मूल घेऊन लांब, आडवळणी जायचे असेल तर हे करा.

पहिली गोष्ट, लसीकरणाचे कार्ड जिवापाड जपा आणि राहिलेली लस निघण्याआधी टोचून घ्या. गोवराची लस चुकवू नका.

दुसरी, दोन मच्छरदाण्या बरोबर न्या, आणि पाणी उकळून गार करूनच मुलाला द्या.

तिसरी, जुलाब लागले तर दवाखाना येईपर्यंत थांबू नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा घ्या. मीठ जास्त पडू देऊ नका. हे पाणी थोडे थोडे पाजत राहा. अंगावरचे दूध बंद करू नका.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, श्वास मोजा. मूल शांत असताना पोट वरखाली होताना घड्याळ लावून पुरा एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास साठ किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त भरले, तर न्यूमोनिया समजून त्याच घटकेला दवाखाना गाठा. छातीचा फोटो लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी अल्पशिक्षित बायांना श्वास मोजायला शिकवले आणि त्या बायांनी लेकरे वाचवली. तुम्हाला का जमणार नाही?

आणि आता शेवटचे. आफ्रिकेतले जहाज लांब आहे, मेळघाटही लांब आहे. पण कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आपल्याच शिवारात बीडकडच्या ऊसतोडणी मजुरांच्या कोप्या पडतात. पाचटाच्या त्या कोपीत अडीच वर्षांचे लेकरू असतेच. तेही आई-बापाबरोबर आलेले असते, कारण त्याला मागे ठेवायला कुणी नसते. त्याच्यासाठी जहाजावरची शाळा नाही आणि डॉक्टर आईही नाही. पहाटे चारला थंडीत आई-बाप फडात जातात आणि ते लेकरू उसाच्या पाल्यावर झोपलेले असते.

यंदा तुमच्या फडात टोळी आली की एवढे करा. कोपीतली लेकरे किती आणि त्यांच्या लसी झाल्या का, ते विचारा. आपल्या गावच्या आशाताईंना तिथे एकदा घेऊन जा. विहिरीचे पाणी भरू द्या, एक जुनी गोधडी द्या. यासाठी कुणाला जंगलात जावे लागत नाही, बांधापर्यंत गेले तरी पुरते.

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या फडात टोळी उतरली. वहिनी दुपारी तिकडे जाऊन आल्या. येऊन म्हणाल्या, "सात पोरं हायती. एकाचा श्वास मी मोजला. आडतीस भरला. बरं हाय म्हनायचं." आणि चुलीकडे वळल्या.

पुढच्या अंकात हळदीची काढणी आणि शिजवण यावर लिहीन.

आपला,
एक शेती अधिकारी, कुपवाड